घरांवर कसला अभ्यास व्हावा हे अमेरिकेच्या सरकारला कळवायची सोय: माझा अनुभव, ५ पैकी ४ स्टार

हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही की मिक्सरचा नाही, एका सरकारी सोयीचा आहे, आणि मी तो मुद्दाम मराठीत लिहितेय कारण आपल्या लोकांत ह्याबद्दल कुणालाच माहीत नाहीये. मी एडिसनला राहते, न्यू जर्सीत, एकोणीस वर्षं झाली, आणि मला पण २०२० पर्यंत ह्याचा पत्ता नव्हता.

तर थोडक्यात, इथलं घरांचं केंद्रीय खातं म्हणजे हड. १९६५ सालचं खातं. त्यात फक्त अभ्यास करणारं एक वेगळं ऑफिस आहे, त्याला पीडी अँड आर म्हणतात, आणि पुढच्या काही वर्षांत घरांच्या कुठल्या प्रश्नांवर रिसर्च करायचा ह्याची यादी बनवताना हे ऑफिस बाहेरच्यांना विचारतं. बाहेरचे म्हणजे प्रोफेसर, शहरांची ऑफिसं, संस्था वगैरे आलेच, पण साधी माणसं पण. पूर्वी ह्या यादीला रिसर्च रोडमॅप म्हणायचे, पहिला २०१४ ते २०१८ साठीचा होता, आता लर्निंग अजेंडा म्हणतात. फी नाही, वकील नको, डिग्री नको. आपल्या शब्दांत लिहून पाठवायचं.

मी ह्याच्यापर्यंत कशी पोचले ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून आधी काकूंचं सांगते.

काकू आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या, मूळच्या नाशिकच्या, तेव्हा वय एकाहत्तर. काका गेल्यावर मुलाकडे आल्या. मुलाचं अपार्टमेंट दोन बेडरूमचं, त्यात तो, सून, दोन मुलं, म्हणजे काकू हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर. सकाळी साडेपाचला उठून अंथरूण घडी करून कपाटामागे ठेवायच्या कारण सहाला मुलं उठून शाळेच्या गडबडीत हॉलमध्ये येणार. कुणी वाईट वागवत नव्हतं हां, मुलगा-सून दोघंही चांगले आहेत, पण दार लावून पाच मिनिटं एकटं बसायला जागा नाही ही गोष्ट त्या वयात किती लागते ते मी जवळून पाहिलंय. तर आम्ही मिळून त्यांचं नाव एका सीनियर बिल्डिंगच्या वेटिंग लिस्टवर टाकलं, सेक्शन २०२ वाली, म्हणजे बासष्टच्या पुढच्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी हडच्या पैशातून चालणाऱ्या ज्या बिल्डिंगी असतात त्यातली, भाडं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के. बिल्डिंगचं नाव देत नाहीये. हे २०१७ मधलं.

डिसेंबर २०१९ ला काकू भाचीच्या लग्नाला नाशिकला गेल्या, मार्चचं परतीचं तिकीट होतं, आणि मार्चमध्ये विमानंच बंद झाली. आल्या त्या ऑक्टोबरमध्ये. आल्यावर तिसऱ्या दिवशी डीमार्टच्या पिशवीत टपालाचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या, दहा महिन्यांचं टपाल, मुलानं एकही पाकीट फोडलं नव्हतं कारण आईचं पत्र आपण का फोडायचं. आम्ही किचनच्या टेबलावर सगळं पसरलं. बँक, मेडिकेअर, कूपनं, आणि त्यात एक खिडकीवालं पाकीट त्या बिल्डिंगचं. आत एक पान. तुम्हाला अजून घर हवंय का, हो किंवा नाही ह्या चौकोनात टिक करा, सही करा आणि अमुक तारखेच्या आत परत पाठवा नाहीतर नाव काढलं जाईल. तारीख एप्रिलमधली. त्याच्याखाली दुसरं पाकीट, जूनचं, नाव काढलंय म्हणून. काकूंनी ते पहिलं पान हातात धरलं, त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "अगं, एवढी एक टिकच करायची होती ना?" मला त्यावर काही बोलताच आलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी फोन केला, पलीकडची व्यक्ती नीट बोलली, पण नवीन फॉर्म भरा आणि लिस्टच्या शेवटी या एवढंच हातात आलं. तीन वर्षं गेली. आणि हे कोविडमुळे झालं असं कुणी म्हणेल, तर नाही, मी मंडळात विचारलं तेव्हा अजून दोन घरं सापडली जिथे आईवडील नेहमीसारखे थंडीत तीन-चार महिने भारतात गेले आणि असंच पत्र येऊन नाव गेलं. आपल्याकडचे ज्येष्ठ लोक दर हिवाळ्याला जातात हे आपल्याला माहीत आहे, लिस्ट चालवणाऱ्याला कसं माहीत असणार?

मला राग आला होता आणि कुठेतरी लिहायचं होतं. लायब्ररीत रेफरन्सच्या डेस्कवर एक बाई आहेत, त्यांना विचारलं घरांबद्दल तक्रार कुठे करायची, तर त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तुमच्या काकूंच्या केससाठी वेगळी खिडकी आहे, पण तुम्ही जे सांगताय ते एका माणसाचं दिसत नाही, ते हडच्या रिसर्चवाल्यांना कळवा, ते लोकांकडून प्रश्न घेतात. आणि त्यांनी मला हड युजर नावाची वेबसाइट उघडून दिली.

आता ह्या हड युजरबद्दल थोडं, कारण माझे चारातले दोन स्टार ह्यालाच आहेत. १९७८ पासून चालू असलेली सेवा आहे, खात्यानं केलेले सगळे अभ्यास तिथे फुकटात डाउनलोड होतात. मी पहिल्या रात्री बसले ती दोन वाजेपर्यंत उठले नाही. अमेरिकन हाउसिंग सर्व्हे म्हणून एक आहे, १९७३ पासून चालू, जनगणनेचं खातं करतं, आता दर दोन वर्षांनी होतो, आणि त्यात घरात उंदीर दिसतात का, छत गळतं का, बुरशी आहे का इथपर्यंत विचारतात. त्यातल्या २०११ च्या आकड्यांवरून २०१५ मध्ये एक रिपोर्ट आला की इथल्या घरांपैकी जेमतेम एकतृतीयांश घरं अशी आहेत जी थोडे बदल करून चालायला त्रास असलेल्या माणसाला राहण्याजोगी होतील, सध्या तशी तयार असलेली ५ टक्क्यांहून कमी, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला पूर्ण वापरता येतील अशी ०.२ टक्क्यांहूनही कमी. हे वाचताना मला आमच्या कॉम्प्लेक्समधले सगळे जिने आठवले, गुडघे धरून एकेक पायरी चढणारे सगळे काका-काकू आठवले.

दुसरा एक रिपोर्ट आपल्या लोकांनी नक्की वाचावा. घर बघायला दोन माणसं पाठवतात, कागदावर दोघांचं उत्पन्न वगैरे सारखंच, फक्त एक गोरा आणि दुसरा काळा किंवा लॅटिनो किंवा एशियन, आणि कुणाला किती घरं सांगितली, किती दाखवली ते मोजतात. पहिल्यांदा १९७७ मध्ये केलं होतं, २०१२ मध्ये परत केलं, २८ शहरी भागांत ८ हजारांवर वेळा. घर विकत घ्यायला गेलेल्या एशियन माणसाला गोऱ्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी घरं सांगितली गेली आणि जवळजवळ १९ टक्के कमी दाखवली गेली. आणि दार तोंडावर आपटलं असं क्वचितच, सगळे हसून बोलतात, फक्त दोन घरं कमी दाखवतात, त्यामुळे त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. आम्ही २००८ मध्ये घर शोधत होतो तेव्हा मला सारखं वाटायचं काहीतरी कमी दाखवतायत, नवरा म्हणायचा तुझ्या मनाचे खेळ. आमच्या बाबतीत काय झालं होतं ते आता कळायचा मार्ग नाही पण निदान मी काही हवेत बोलत नव्हते.

म्हणजे मुद्दा काय, कुणीतरी कधीतरी ठरवलं की हे मोजायचं, म्हणून ते मोजलं गेलं. काकूंच्या त्या एका टिकचं मोजमाप मला कुठे सापडलं नाही आणि मी बरंच शोधलं.

मग मी लिहायला बसले. पहिला मसुदा दीड पानाचा, सगळा राग. लायब्ररीतल्या बाईंना दाखवला, त्यांनी पूर्ण वाचला आणि म्हणाल्या ह्यातून एक प्रश्न काढा ज्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही आणि जे मिळालं तर काहीतरी बदलता येईल. हे ऐकायला सोपं वाटतं, मला चार दिवस लागले. कारण आपल्याला सवय असते मागणी करायची, की बाबा ज्येष्ठांसाठी घरं वाढवा, पत्रं मराठीत पाठवा. ह्या मागण्या बरोबरच आहेत पण रिसर्चवाले त्याचं काय करणार, त्यांचं काम शोधून काढायचं आहे.

शेवटी मी जे पाठवलं ते साधारण असं होतं. वेटिंग लिस्ट अपडेट करताना पत्राला उत्तर आलं नाही म्हणून दर वर्षी किती नावं काढली जातात? त्यातल्या किती लोकांना तेव्हाही घर हवंच होतं? ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत त्यांची नावं जास्त जातात का? आणि पत्राच्या जोडीला एक फोन किंवा मेसेज केला, किंवा मुलाचा नाहीतर मुलीचा दुसरा पत्ता घेऊन ठेवला, तर किती नावं वाचतात? हा शेवटचा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात आवडतो कारण तो करून बघता येतो, निम्म्या बिल्डिंगींत मेसेज पाठवा, निम्म्यांत नुसतं पत्र, वर्षभरानं नावं मोजा. खाली चार ओळींत काकूंचं, नाव-गाव न देता. एक पान झालं, ईमेलनं पाठवलं. हे २०२१ मधलं.

आता कुणी म्हणेल असं लिहून काय होतं. तर मी जे वाचलं त्यावरून सांगते. १९९४ मध्ये हडनं बॉस्टन, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क ह्या पाच शहरांत एक प्रयोग सुरू केला, गरीब वस्तीतल्या सरकारी घरांत राहणारी साधारण ४६०० कुटुंबं, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं की काहींना असं व्हाउचर (म्हणजे भाड्याचा काही भाग सरकार भरतं ती मदत) द्यायचं जे फक्त कमी गरिबीच्या भागातच चालेल, काहींना साधं व्हाउचर, काहींना काहीच नाही. प्रश्न एकच, राहायची जागा बदलली तर माणसाचं आयुष्य बदलतं का. सुरुवातीची वर्षं निकाल संमिश्र आले, मोठ्या माणसांची तब्येत आणि मन सुधारलं पण कमाई वाढली नाही, आणि लोक म्हणायला लागले की फुकट गेलं. मग २०१५ मध्ये राज चेट्टी, नेथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ ह्या अर्थशास्त्रज्ञांनी तीच कुटुंबं परत बघितली, तोपर्यंत मुलं मोठी झाली होती, आणि जी मुलं तेरा वर्षांची व्हायच्या आत चांगल्या भागात गेली होती त्यांची पंचविशीतली कमाई ३१ टक्के जास्त निघाली. वीस वर्षं लागली उत्तराला! १९९४ मध्ये कुणी विचारलंच नसतं तर २०१५ मध्ये उत्तर कुठून आलं असतं?

तसंच बेघर कुटुंबांचं. बारा ठिकाणच्या शेल्टरमधली २२८२ कुटुंबं घेऊन बघितलं की कुठल्या प्रकारची मदत टिकते, आणि २०१६ मध्ये तीन वर्षांचे निकाल आले त्यात कायमचं व्हाउचर मिळालेली कुटुंबं परत बेघर होण्याचं प्रमाण बरंच कमी. आधी बाकीच्या सेवा देऊन माणसं "तयार" करायची आणि मग घर, ह्या विचाराला त्या आकड्यांनी उत्तर दिलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण घर नसताना माणूस बाकीचं सगळं कसं सांभाळणार हे आपली कुठलीही आजी सांगेल, पण सरकारला पैसे खर्च करायला आकडा लागतो.

आणि लोकांना विचारणं ही काही खात्याची मर्जी राहिलेली नाहीये. २००८ मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिलनं ह्या ऑफिसच्या कामाचा आढावा घेऊन सांगितलं होतं की अभ्यासाचे विषय ठरवताना बाहेरच्यांशी जास्त बोला, रोडमॅप त्यातूनच आला. आणि २०१९ च्या जानेवारीत एक कायदा झाला, एव्हिडन्स अ‍ॅक्ट म्हणतात, त्यात प्रत्येक मोठ्या खात्यानं अशी यादी करायची आणि करताना जनतेचा सल्ला घ्यायचा असं लिहिलंय. कायद्यातच प्रश्नांची यादी असा शब्द आहे. म्हणजे आपण प्रश्न पाठवतो ते त्यांना हव्या त्याच मापात.

मला ह्यात सगळ्यात वेगळं काय वाटलं ते सांगते. महाराष्ट्रात आपल्याला "हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत" ही पेपरातली जाहिरात पाठ आहे. माझे बाबा परळच्या चाळीत वाढले, प्रत्येक आराखड्यावर, प्रत्येक जीआरवर ते दोन पानी हरकत टाइप करून घ्यायचे आणि पोच घेऊन फाइलला लावायचे. ती ताकद खरी आहे, २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि तो मसुदा बाजूला ठेवावा लागला. पण तिथे आराखडा आधी तयार असतो आणि आपण चुका काढायला उभे. इथे अजून काही ठरलेलंच नसतं तेव्हा विचारतात की आम्हाला काय माहीत नाहीये ते तुम्ही सांगा. बाबा आज असते तर त्यांनी आठवड्याला एक पाठवला असता.

आता एक स्टार का कापला. एक म्हणजे भाषा. यादीची इंग्रजी खात्यातल्या लोकांची इंग्रजी आहे, मी इथे कॉलेज केलेली बाई असून मला डिक्शनरी लागली, मग काकूंनी कसं लिहायचं? ज्यांना सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे त्यांच्यापर्यंत हे पोचायला मध्ये माझ्यासारखं कुणीतरी लागतं, आणि प्रत्येक कॉम्प्लेक्समध्ये असं कुणी असेलच असं नाही. दुसरं, पाठवलेल्या प्रश्नाला नंबर मिळून तो पुढे कुठे गेला, घेतला की नाही घेतला आणि का, हे बघायची सोय मला हवी आहे. पिझ्झा कुठपर्यंत आला ते फोनवर दिसतं, मग हे पण दिसायला काय हरकत आहे? तिसरं, हे सगळं लायब्ररी, देऊळ, गुरुद्वारा, सीनियर सेंटर अशा ठिकाणी बोर्डावर लावायला हवं, नुसतं सरकारी राजपत्रात छापून आमच्या घरापर्यंत येत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर लोक चिडतील. ह्यातून तुम्हाला घर मिळणार नाही. वेटिंग लिस्ट पुढे सरकणार नाही. इथे मदतीला पात्र असलेल्या चार कुटुंबांतल्या साधारण एकालाच मदत मिळते, आणि हडच्याच रिपोर्टप्रमाणे २०२१ मध्ये ८५ लाख भाडेकरू कुटुंबं अशी होती ज्यांचं उत्पन्न फार कमी, सरकारी मदत नाही, आणि एकतर निम्म्याहून जास्त उत्पन्न भाड्यात जातं नाहीतर घराची अवस्था फारच वाईट, काहींचं दोन्ही. अभ्यासानं घरं बांधली जात नाहीत हे मला कळतं. तुमची स्वतःची केस अडली असेल तर लोकल हाउसिंग ऑफिस, लीगल एड, हाउसिंग काउन्सेलर ह्यांच्याकडेच जा, तिकडे जायला उशीर करू नका आणि इथे उत्तराची वाट बघू नका.

पण तुम्ही जर मंडळात, देवळात, कुठेही ज्येष्ठांचे फॉर्म भरून देत असाल, तर तुमच्याकडे असं काहीतरी असणारच जे कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. ते लिहा. एका वेळी एकच विषय घ्या. प्रश्नचिन्ह येईल असं वाक्य करा. उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करू शकेल ते एका ओळीत लिहा, मेसेज पाठवतील, फॉर्मवर अजून एक रकाना घालतील, काहीही, छोटं असलं तरी चालतं. कुणाचं नाव, पत्ता, नंबर लिहू नका, कारण सरकारला पाठवलेल्या सूचना कधीकधी सगळ्यांना दिसतील अशा ठेवतात. आणि राग आला असेल तर रागाचं पान आधी लिहून काढा, मी काढलं होतं, मग दुसरं पान घ्या.

माझा पुढचा प्रश्न तयार होतोय. आईवडील मुलाकडे राहतात तेव्हा कागदावर त्यांना घर आहे असंच दिसतं, सोफा-कम-बेड कुठल्या रकान्यात येत नाही. तर मुलांच्या घरी राहणाऱ्या ज्येष्ठांपैकी किती जणांना स्वतःची खोली आहे आणि किती जण हॉलमध्ये झोपतात, आणि त्याचा त्यांच्या झोपेवर, पडण्याझडण्यावर, तब्येतीवर काय परिणाम होतो. वाक्य अजून नीट बसत नाहीये. परवा काकूंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "दाराचं पण लिही ना. खोली लहान असली तरी चालेल, दार हवं." ते घातलंय.

काकूंचं नाव आम्ही तेव्हाच परत टाकलं, त्याच बिल्डिंगमध्ये आणि अजून दोन ठिकाणी. तिन्ही फॉर्मवर टपालाचा दुसरा पत्ता माझा दिलाय, आणि खिडकीवालं पाकीट आलं की ते मी फोडायचं अशी काकूंनी मुलासमोर परवानगी दिलीय. ह्या डिसेंबरला त्या नाशिकला जाणार आहेत, तिकीट काढून झालंय.